निवृत्त अधिकारी इंजिनीअरिंग शिक्षणासाठी पैशांपलीकडे काय करू शकतो?

मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेल्या माणसाने देणगी सोडून इंजिनीअरिंग शिक्षणासाठी खरंच काही केल्याचं उदाहरण आहे का, असं तुम्ही विचारलंय. आहे. फकीरचंद कोहली.

टीसीएस, म्हणजे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही सॉफ्टवेअर कंपनी, उभी करणारा माणूस म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. माझी सगळी नोकरी वीज क्षेत्रात गेली, त्यामुळे माझ्या लेखी ते आधी इलेक्ट्रिकलवाले. १९२४ साली पेशावरला जन्म, लाहोरला शिक्षण, मग कॅनडातलं क्वीन्स विद्यापीठ, १९५० मध्ये एमआयटीची एम.एस. १९५१ मध्ये परत येऊन ते मुंबईत टाटा इलेक्ट्रिकमध्ये लागले. खोपोली, भिवपुरी, भिरा इथली पाण्यावरची वीज आणि ट्रॉम्बेची औष्णिक वीज यांचा मेळ घालून, कुठून किती घ्यायची हे सतत ठरवत राहायचं, हे लोड डिस्पॅचचं काम. कोहलींनी त्याची घडी बसवली आणि साठच्या दशकातच त्यासाठी टीआयएफआर या मुंबईतल्या संशोधन संस्थेतला सीडीसी ३६०० संगणक वापरला. या कामात एक जनित्र बंद पडलं की भार बाकीच्यांवर जातो. सगळं जाळं एकाच वेळी डोक्यात ठेवावं लागतं, आणि ती सवय माणसाला आयुष्यभर सुटत नाही.

१९६९ मध्ये ते टीसीएसमध्ये आले आणि १९९६ पर्यंत त्यांनी ती चालवली. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती १९८१ ची: पुण्यात टीआरडीडीसी ही संशोधन संस्था काढली आणि तिची धुरा आयआयटी कानपूरच्या ई. सी. सुब्बाराव यांच्याकडे सोपवली. भारतात सॉफ्टवेअरचा धंदाच जेमतेम उभा राहत होता, तेव्हा संशोधनावर खर्च करायचं हे धाडसच.

निवृत्तीनंतर, वयाच्या ऐंशीच्या घरात, ते सीओईपीच्या, म्हणजे पुण्याच्या सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजच्या, नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले. १८५४ साली सुरू झालेलं, विश्वेश्वरय्या जिथे शिकले ते हे कॉलेज तेव्हा नुकतंच स्वायत्त झालं होतं. अभ्यासक्रम, परीक्षा, शिक्षकांची निवड, सगळं स्वतः ठरवायचं म्हणजे आधी नुसता गोंधळच. अशा वेळी बाहेरचा, वजनदार आणि वेळ द्यायला तयार असा माणूस कॉलेजला लागतो. कोहलींचं म्हणणं सरळ होतं: आयआयटीतून बाहेर पडणारी मुलं थोडी, देशाचा गाडा ओढणारे बहुतेक इंजिनीअर राज्यांच्या कॉलेजांतून येतात, तेव्हा ही कॉलेजं आयआयटीच्या तोडीला आणली पाहिजेत. मला हे शंभर टक्के पटतं. आमच्या खात्यातले उत्तम अभियंते मी कराड, सांगली, अमरावतीहून आलेले पाहिले आहेत.

याच काळात प्रौढांना संगणकावर शब्दचित्रांच्या आधारे वाचायला शिकवण्याचा त्यांचा प्रकल्प तेलुगूत सुरू होऊन इतर भाषांत गेला. तो वेगळ्या उत्तराचा विषय आहे. २०२० मध्ये ते गेले. २०२२ मध्ये सीओईपी विद्यापीठ झालं.

तुम्ही स्वतः निवृत्तीच्या उंबरठ्यावर असाल, तर जिल्ह्यातल्या एखाद्या स्वायत्त कॉलेजच्या प्राचार्यांना भेटा. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळावर उद्योगातला प्रतिनिधी घ्यावाच लागतो, आणि तिथे नुसती सही न करता अभ्यासक्रम वाचून येणारा माणूस त्यांना हवाच असतो.