ओटीपीची वाट बघताना ॲप बंद पडलं तर?

प्रश्न : मी मूळची नांदेडची, पुण्यात अँड्रॉइड डेव्हलपर आहे. आधार क्रमांकावरून नागरिकांची ओळख पडताळणाऱ्या एका सरकारी ॲपची टीम आता माझ्याकडे आली आहे. पोरं हुशार आहेत, पण सगळ्यांचा जीव चेहऱ्याच्या पडताळणीत आणि नव्या डिझाइनमध्ये अडकलाय. लीड म्हणून मी आधी कशासाठी हट्ट धरू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ओटीपीच्या स्क्रीनसाठी धरा. अशा ॲपवर मी बरीच वर्षं काम केलंय आणि माणसं सगळ्यात जास्त तिथेच अडकलेली पाहिली आहेत.

टीममधल्या प्रत्येकाकडे चांगला फोन असतो, ही खरी अडचण. दोन जीबी रॅमचा, फोटोंनी गच्च भरलेला फोन घ्या. आधार क्रमांक टाका, ओटीपी मागवा, मेसेज बघायला बाहेर पडा आणि परत या. पुष्कळदा ॲप पहिल्या पानावर गेलेलं दिसेल, कारण मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागे राहिलेलं ॲप बंद करतं. मग बारा आकडे पुन्हा, कॅप्चा पुन्हा, ओटीपी पुन्हा. आता हातात दोन ओटीपी, आणि माणूस नेमका जुना टाकतो.

‘मेसेज आपोआप वाचून घेऊ’ असं कोणीतरी सुचवेल. जरूर करा, पण तेवढ्यावर भागत नाही. आधारला जोडलेलं सिम अनेकदा दुसऱ्याच फोनमध्ये असतं. आई गावात, मुलगा चाकणला कामाला, आणि ओटीपी त्याच्याकडे. ती त्याला फोन लावते तेव्हाही ॲप मागेच जातं. म्हणून चालू व्यवहाराचा क्रमांक आणि उरलेला वेळ जपून ठेवा, परत आल्यावर थेट तेच पान उघडू द्या. आधार क्रमांक मात्र फोनमध्ये साठवू नका. त्यावर तडजोड नाही.

आधारचा शेवटचा आकडा हा व्हर्होफ पद्धतीचा तपासणी अंक असतो. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर ते फोनमध्येच कळतं, सर्व्हरपर्यंत जायची गरज नाही. तरी कितीतरी ॲप अर्धा मिनिट चक्र फिरवून ‘काहीतरी चुकलं’ एवढंच सांगतात. काय चुकलं ते मराठीत सांगा, आणि फोनमधली अक्षरं सर्वांत मोठी करून बघा. इंग्रजीच्या मापाने बांधलेल्या बटणात वेलांटी आणि रफार वरून कापले जातात. वयस्कर माणूस अक्षरं मोठीच ठेवतो, त्यामुळे हे सगळं त्याच्याच वाट्याला येतं.

चेहऱ्याच्या पडताळणीबद्दल तुमची टीम चूक नाही. निवृत्तांच्या हयातीच्या दाखल्यासाठी जीवन प्रमाण २०१४ साली बोटांच्या ठशांवर आणि बुबुळांवर सुरू झालं, चेहऱ्याची सोय २०२१ मध्ये आली. ज्यांचे ठसे वयाने किंवा कष्टाने झिजलेत त्यांना तिचा मोठा आधार आहे. पण तीही कधी फसते, अंधाऱ्या खोलीत तर हमखास. ‘पडताळणी झाली नाही’ या पानावर पुढची वाट दाखवल्याशिवाय ते पान मंजूर करू नका. ज्याला आधार क्रमांक मिळालेलाच नाही त्याला ओळखीचा दुसरा मार्ग द्यावा, असं आधार कायद्याचं कलम ७ सांगतं. क्रमांक असूनही मशीन ओळखत नाही, अशा बाईला रिकाम्या हाताने परत पाठवणं तर मला अजिबात पटत नाही. ती वाट कोणती, कोणत्या खिडकीवर, कोणता कागद घेऊन, हे विभागाकडून लेखी घ्या. हे काम लीडचंच. कोड लिहिणारी मुलं ते विचारू शकत नाहीत.

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. तुमची चाचणीही अशाच एखाद्या गावात, तिथल्याच लोकांच्या फोनवर करा. विभाग उद्घाटनाची तारीख पुढे करेल. तेव्हा प्ले स्टोअरवर आधी थोड्या टक्के लोकांनाच नवी आवृत्ती द्यायची परवानगी मागा, आणि ओटीपीच्या पानावरून किती जण मागे फिरतात ते रोज स्वतः बघा.