गावी पत्र्याच्या घरात रेंज येत नाही, ऑनलाइन मिळणारा बूस्टर घ्यावा का?

बूस्टर, म्हणजे बाहेरची रेंज पकडून घरात वाढवून देणारं यंत्र, घेऊ नका, हे आधी सांगतो. बाकीचं सविस्तर लिहितो, कारण तुमच्यासारखीच अडचण घेऊन माझ्या अंबाजोगाईच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात डोंगरपट्ट्यातली माणसं नेहमी येतात.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही पुण्यात, आईवडील केज तालुक्यातल्या वस्तीवर. घर जुनं दगडमातीचं, वर पत्रे. अंगणात फोन लागतो, आत गेलं की ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. वडिलांना हृदयाची औषधं चालू आहेत, म्हणून रात्री फोन लागायलाच हवा. तुमची काळजी कळते, आणि म्हणूनच चार हजार चुकीच्या वस्तूवर जाऊ नयेत असं वाटतं.

बूस्टर विनापरवाना लावता येत नाही. १९३३ च्या बिनतारी कायद्यापासून २०२३ च्या दूरसंचार कायद्यापर्यंत हीच भूमिका आहे. उपकरण जप्त होतं, दंड होऊ शकतो. पण मला कायद्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त खुपते. स्वस्त बूस्टरचा बाहेरचा आणि आतला अँटेना एकमेकांचं ऐकू लागले की तो नुसता गोंगाट टॉवरकडे फेकत राहतो. मग तुमच्या घराचं भलं होणं राहिलं बाजूला, आसपासच्या वस्तीचेही फोन तुटायला लागतात.

आता तुमच्या प्रश्नातली सगळ्यात आशेची गोष्ट: अंगणात फोन लागतो. म्हणजे टॉवरची रेंज घरापर्यंत पोचते, अडते ती घरात शिरताना. पत्रा धातूचा, तो रेडिओ लहरी परत फेकतो. भिंती दोन-दोन फुटांच्या. राहिल्या वाटा दार-खिडक्यांच्या. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर आपल्याकडे अनेकांनी माळवदं, म्हणजे मातीची जड छतं, उतरवून पत्रे टाकले, ते योग्यच केलं. पत्रे काढा असं मी कुणालाही सांगणार नाही.

आधी मोजून घ्या. फोनवरच्या काड्यांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा फोन त्या आपापल्या हिशेबाने दाखवतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमध्ये ‘फोनबद्दल’, त्यात सिमची स्थिती, तिथे सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. आकडा उणे असतो. ४जी वर उणे ८५-९० असेल तर छान, उणे १०५ पर्यंत बोलणं होतं, उणे ११५ च्या पुढे फोन लागेल याचा भरवसा नाही. दर १० डीबीएमला ताकद दहापट कमी होते. अंगणात उणे ९० आणि माजघरात उणे ११० म्हणजे आत शंभरावा भागच पोचतोय. शेजारच्या एखाद्या पोराला सांगा, अंगण, ओसरी, प्रत्येक खिडकी आणि वडील झोपतात ती जागा इथले आकडे लिहून घे म्हणावं. टॉवरच्या बाजूची खिडकी यातून आपोआप सापडते. पुष्कळ घरांत वडिलांची खाट त्या खिडकीजवळ सरकवली की निम्मं काम होतं.

त्यानंतर सिम. डोंगराच्या एका अंगाला एका कंपनीची रेंज भरपूर आणि दुसरीची शून्य, हे बालाघाटात रोजचं आहे. पाहुण्यांकडे वेगळ्या कंपनीचं सिम असेल तर ते घरात घालून आकडा बघा, मगच १९०० वर पोर्टचा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा, एसएमएस पाठवा. ८५०-९०० मेगाहर्ट्झची लहर भिंतीतून बऱ्यापैकी आत येते, २३०० ची लवकर थकते, आणि ५जी तर मुख्यतः ३३०० च्या वर चालतं. म्हणून फोनमध्ये ५जी बंद करून ४जी ठेवा. जिओला २जी-३जी नाहीच, तिथे व्होल्टी (४जी वरूनच बोलण्याची सोय) चालू हवं, नाहीतर कॉल होणारच नाही. एअरटेल किंवा व्हीआयचं सिम असेल आणि वडील फक्त बोलण्यापुरता फोन वापरत असतील तर २जी वरही ठेवून बघा.

आता मी स्वतः सगळ्यांना सुचवतो तो उपाय. वाय-फाय कॉलिंग, म्हणजे साधा कॉलच टॉवरऐवजी घरातल्या वाय-फायवरून येतो-जातो. फोन स्मार्टफोन हवा, बहुतेक नव्या हँडसेटमध्ये ही सोय असते, सिम सेटिंगमध्ये चालू करायची, वेगळे पैसे नाहीत. कॉल वडिलांच्या नेहमीच्याच नंबरवर येतो. त्यांना व्हॉट्सअॅप उघडावं लागत नाही. गावात फायबरचं इंटरनेट आलं असेल तर ते घ्या. नसेल तर रेंज असलेल्या खिडकीत एक जुना फोन, त्यात चांगल्या नेटवर्कचं सिम, चार्जरला लावून हॉटस्पॉट चालू. आतला फोन त्या वाय-फायवर. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा, भिंतींतून तोच बरा जातो. खिडकी ते खाट यांच्या मधे एक तरी दार उघडं असावं. आणि तो फोन पत्र्याला चिकटून किंवा उन्हात मुळीच ठेवू नका, आपल्या वैशाखात बॅटरी फुगलेले असे फोन माझ्या टेबलावर येतात. जरा जास्त खर्च झेपत असेल तर छताच्या वर खांबावर लावायचा ४जी राउटर घ्या, आत केबल आणून वाय-फाय. हे काम नीट टिकतं.

लाईट गेली की राउटरही जातो, तेव्हा त्याला छोटा यूपीएस (बॅटरीचा बॅकअप) हवाच. लाईट गेल्यावर थोड्या वेळात अंगणातलीही रेंज जात असेल तर टॉवरच्या बॅटऱ्या संपलेल्या आहेत. ते घरात बसून सुधारत नाही. १९८ वर तक्रार करा, तक्रार क्रमांक घ्या, दाद नाही मिळाली तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. गावातल्या दहा जणांनी वेगवेगळ्या तक्रारी केल्या तर जास्त वजन पडतं.

वडिलांना दोन गोष्टी आजच सांगा. स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीची असेल तर ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर त्यावरून लागतो. आणि कॉल जात नसेल अशा कमजोर रेंजमध्ये एसएमएस पुष्कळदा जातो, त्यामुळे तुमच्या नावाने एक तयार मेसेज साठवून ठेवा.

सिम कोणतं, हँडसेट कोणता आणि अंगणातला-आतला आकडा किती, एवढं खाली लिहा. खिडकीतला फोन पुरेल की खांबावरचा राउटर लागेल, ते त्यावरून सांगतो.