हर्षद कोण?

प्रश्न असा आलाय: ‘1,23,45,67,890 हा हर्षद अंक आहे, असं मुलीला शिकवणीत सांगितलं. हा हर्षद कोण? की शब्द “हर्षित” हवा?’

आधी ‘अंक’ खोडा. अंक दहाच, शून्य ते नऊ. त्यांची बनते ती संख्या. कर्वे रस्त्यावर एका शिकवणीची पाटी आहे, ‘मोठ्या अंकांची भीती घालवा’. जाता-येता वाचतो आणि दर वेळी चिडतो. नवाच्या पुढचा अंक आणणार कुठून?

हर्षद नावाचा कुणी गृहस्थ नाही. जिला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, ती हर्षद संख्या. सुखद, दुःखद, तसं हर्षद: हर्ष देणारी. ज्याला हर्ष झाला तो हर्षित, म्हणजे झालाच तर गणित सोडवणारा. हे नाव ठेवलं गणितज्ञ द. रा. कापरेकरांनी. जन्म डहाणूचा, 1905 चा. शिक्षण इथे फर्ग्युसनमध्ये आणि नोकरी देवळालीच्या शाळेत.

आता खरी गंमत. हर्ष म्हणजे आनंद, एवढं सांगून कोश मोकळे होतात. हे अर्धवट आहे, आणि क्रमही उलटा आहे. ‘हृष्’ धातूचा अस्सल अर्थ ताठ उभं राहणं, अंगावर काटा येणं. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन म्हणतो, ‘रोमहर्षश्च जायते’. त्याला काय आनंद झालाय? हातपाय गळालेत त्याचे! आयुर्वेदातला दंतहर्ष घ्या, दात आंबतात तो. तिथे कसला आलाय आनंद? लॅटिनमध्ये याच कुळातलं क्रियापद ‘होरेरे’, केस उभे राहणं. त्यातूनच इंग्रजीतला ‘हॉरर’ आला. म्हणजे आपला हर्ष आणि हॉरर ही सख्खी चुलत भावंडं! शहारा तोच, आपण त्याचा आनंद केला, त्यांनी भीती केली.

माझं ठाम मत आहे की कापरेकरांच्या शब्दात हा शहाराच आहे. करून बघा. वरच्या संख्येतल्या अंकांची बेरीज 45. संख्येला 45 ने भागा: 2,74,34,842, बाकी शून्य. बेरजेला नवाने भाग जातो म्हणून संख्येलाही जातो, आणि शेवटी शून्य असल्याने पाचानेही. मग ते शून्य शेवटी ठेवून बाकीचे नऊ अंक हवे तसे उलटेपालटे करा, 9,87,65,43,210 करा, तरी संख्या हर्षदच! इथे ज्याच्या अंगावर काटा येत नाही, त्याला हर्ष शब्द कळला नाही.

गणितज्ञ आयव्हन निवेन यांनी 1977 मध्ये एका व्याख्यानात हा विषय मांडला, म्हणून इंग्रजीत यांना निवेन संख्याही म्हणतात. ते म्हणोत बापडे. पण मराठीत लिहिणारेही ‘निवेन संख्या’ लिहून कापरेकरांचा शब्द मागे टाकतात, ते मला अजिबात मान्य नाही. देवळालीच्या मास्तरांनी इतका नेमका शब्द दिला असताना उसना कशाला?

तर मुलीच्या वहीत ‘हर्षद संख्या’ असं लिहा.