मुख्याध्यापिकांचे वाक्य आणि मुलाचे उत्तर

डोंबिवलीहून एका भगिनीचे दोन पानी पत्र आले आहे. मुलाच्या पहिलीच्या प्रवेशासाठी त्या आणि त्यांचे यजमान एका खासगी शाळेत मुलाखतीला गेले होते. निघताना मुख्याध्यापिका म्हणाल्या, “आई घरीच असतात, हे फार बरे. बघू या, कळवतो आम्ही.” यजमानांच्या मते प्रवेश झाल्यातच जमा आहे. नणंदेच्या मते हा सभ्य शब्दांतला नकार आहे, कारण तिच्या मुलीच्या वेळीही त्या ‘बघू या, कळवतो’ असेच म्हणाल्या होत्या आणि पुढे काहीच कळवले नव्हते. या वाक्याचा नेमका अर्थ काय घ्यावा, असे भगिनी विचारतात.

प्रिय भगिनी,

त्या वाक्याचा काहीही अर्थ घेऊ नका. दाराबाहेर पुढचे कुटुंब ताटकळत असताना, समोरचा अर्ज बाजूला सारता सारता निघणाऱ्या पालकांना जे म्हटले जाते, ते हे वाक्य आहे. तुमच्या नणंदेलाही तेच ऐकायला मिळाले, यात सगळे आले. जागा किती आणि अर्ज किती, यावर यादी ठरेल, आणि ती लागेपर्यंत मुख्याध्यापिकांच्या स्वराचा कीस पाडून तुमच्या हाती काही लागणार नाही.

मी मात्र तुमच्या पत्रातल्या दुसऱ्याच एका ओळीपाशी अडले आहे. ती तुम्ही कंसात लिहिली आहे. मोजायला कुठे शिकलास, असे मुख्याध्यापिकांनी मुलाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “आई डबे करते ना, मी पोळ्या मोजतो.” त्यावर तुम्ही टेबलाखाली त्याचा हात दाबलात आणि हसून म्हणालात, “तो गंमत करतो.” पुढे तुम्ही लिहिता की, वेळ कशीबशी सावरून नेली, आणि कंस पूर्ण करून पुन्हा मुख्याध्यापिकांच्या वाक्याकडे वळता.

तुम्ही पहाटे साडेचारला उठता, ३५ डबे भरता, प्रत्येक डब्यात तीन पोळ्या घालता. म्हणजे रोज १०५ पोळ्या होतात, आणि तुमचा मुलगा शाळेत जाण्याआधीच शंभराच्या पुढे मोजायला शिकला आहे. बिनतिखट डब्याच्या कडीला लाल दोरा आणि बिनकांद्याच्या डब्याला हिरवा, हे त्याला न सांगता कळते, असेही तुम्हीच लिहिले आहे. त्या दिवशी त्या खोलीत जे काही विचारले गेले, त्यात इतके सरळ आणि खरे उत्तर दुसऱ्या कोणी दिले असेल, असे मला वाटत नाही. ते उत्तर त्याच्या आईने परक्या माणसांसमोर खोटे पाडले. सहा वर्षांच्या मुलाला त्यातून एवढेच समजले असेल की, आई जे करते ते चारचौघांत सांगण्यासारखे नाही.

अर्ज यजमानांनी भरला, आईच्या व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ असे त्यांनीच लिहिले, डबे करते म्हटले तर कसे दिसेल असे तेच म्हणाले, हे सगळे मी वाचले. त्यांच्याविषयी मला फारसे सांगायचे नाही, कारण ज्या डब्यांच्या पैशांतून फीचा पहिला हप्ता बाजूला काढून ठेवला आहे, त्याच डब्यांची लाज वाटणाऱ्या माणसाला पत्रातून समज देता येत नाही. पण अर्जाखाली दुसरी सही तुमची आहे आणि हात दाबणारा हातही तुमचाच होता. तुम्ही स्वतःला या प्रकरणात नुसत्या साक्षीदार समजत असाल, तर तसे समजू नका.

मुंबईच्या गिरणगावात गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका होत्या. सावकाराच्या व्याजात पिचलेल्या त्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली. दुसऱ्यांसाठी रांधून पैसे मिळवणे हा व्यवसाय आहे, हे बँकेने मान्य केल्याला इतकी वर्षे झाली. तुमच्याकडे तर अन्न सुरक्षा कायद्याखालचे नोंदणीचे प्रमाणपत्र तुमच्या स्वतःच्या नावाचे आहे. सरकारी कागदावर तुम्ही व्यावसायिक आहात आणि शाळेच्या कागदावर घरी बसलेल्या आहात, यांतला कोणता कागद सुधारायचा, हे मी तुम्हाला सांगायला नको.

शिवाय ही थाप एका दिवसाची नाही. अशा अर्जांखाली बहुतेक वेळा ‘वरील माहिती खरी आहे’ असे प्रतिज्ञापत्र असते, आणि तुमच्याही अर्जावर ते असणार. प्रवेश मिळालाच, तर दहावीपर्यंत दहा वर्षे सकाळी अकराच्या पालकसभेला तुम्हाला ‘मोकळ्या’ आई म्हणून बोलावले जाईल, आणि डबे निघण्याच्या ऐन घाईत तुम्ही दरवेळी एक नवी सबब शोधाल. तुमचा मुलगा ती ऐकेल.

खरे सांगितल्याने प्रवेश गेला तर, ही भीती तुमच्या पत्रात जागोजागी आहे, म्हणून कायद्याचे थोडक्यात सांगते. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेश देताना बालकाचीच नव्हे, तर त्याच्या पालकांचीही चाळणी लावता येत नाही, आणि पहिलीतले तुमचे मूल त्या कायद्याच्या वयोमर्यादेत बसते. पहिल्या उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणूनच शाळा मुलाखतीला ‘संवाद’ वगैरे नावे देतात. अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. तुमची शाळा त्यांपैकी असल्यास हा आधार तुम्हाला नाही. तरीही मी पुढे सांगते ते करायचेच आहे.

येत्या सोमवारी डबे गेल्यावर शाळेच्या कार्यालयात जा आणि मुलाला बरोबर न्या. स्वतःच्या अक्षरात दोन ओळींचा अर्ज लिहा: प्रवेश अर्जात माझा व्यवसाय चुकीचा नोंदवला गेला आहे, तो ‘डबा व्यवसाय’ असा वाचावा, नोंदणी क्रमांक अमुक. सही फक्त तुमची असू द्या. खिडकीपलीकडच्या कारकुनाने काय काम आहे असे विचारले, तर मुलाच्या देखत, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगा, आणि या वेळी तो मध्ये बोलला तर त्याला बोलू द्या. यजमानांना आदल्या दिवशी विचारू नका, आल्यावर सांगा. मुख्याध्यापिका भेटल्या आणि पुन्हा काही मोघम बोलल्या, तर त्याचा अर्थ लावत बसू नका. अर्जाच्या दोन प्रती न्या, आणि दुसरीवर शाळेचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.