जावई परक्या फौजेत, आणि घरी येणारे आप्पा

बेळगाव परिसरातून परदेशी गेलेल्या लेकींकडून एक काळजी समुपदेशक म्हणून माझ्याकडे वारंवार येते: आई किंवा वडील राहायला येत आहेत, नवरा लष्करात आहे, आणि ऐन वेळी तो सरावासाठी बाहेर गेला तर एकटीने सगळे कसे निभवायचे? मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच असल्यामुळे फौजी संसार आपल्याला नवा नाही. दुसऱ्या देशाच्या फौजेतला संसार मात्र नवा आहे. अशाच एका लेकीचा अनुभव तिच्या परवानगीने, ओळखीचे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

ती खानापूर तालुक्यातली. पती अमेरिकेचे नागरिकत्व घेऊन तिथल्या लष्करात दाखल झालेले आणि सध्या जर्मनीत कायझर्सलाउटर्न परिसरात नेमणुकीवर. वडील सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आई चार वर्षांपूर्वी गेली. आप्पांनी शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी चालणाऱ्या सामाईक व्हिसावर, मिळतात तेवढे पूर्ण 90 दिवस राहावे, असे तिने ठरवले होते. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर तिने अडचणी वाचून दाखवल्या. आप्पा कुटुंबाचे अवलंबित म्हणून नोंदलेले नसल्याने लष्करी तळावर जाताना त्यांना पाहुण्याचा पास काढावा लागणार आणि सोबत तळाचे ओळखपत्र असलेला माणूस असावा लागणार. तळावरच्या करमुक्त दुकानात त्यांना काही विकत घेता येणार नाही. रक्तदाब वाढला तर लष्करी दवाखाना नव्हे, तर गावातला जर्मन डॉक्टर गाठावा लागेल; व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा प्रवास विमा सक्तीचा असला, तरी आधीपासूनचे आजार बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात. युरोपात दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई असल्यामुळे नातीसाठी आप्पांनी मनात धरलेला बेळगावचा कुंदाही घरीच राहणार होता.

यातले आप्पांना काय काय सांगितले आहे, असे मी विचारले. तिने काहीच सांगितले नव्हते. "त्यांना वाईट वाटेल, मॅडम," एवढेच तिचे उत्तर होते.

माझे मत येथे स्पष्ट आहे. ज्या माणसाने उमेदीची वर्षे छावणीच्या फाटकावर पास तपासण्यात आणि तपासून घेण्यात घालवली, त्याला पासाचा अपमान वाटत नाही. नातीसमोर, अनोळखी पहारेकऱ्यासमोर, काहीच कल्पना नसताना थांबवले गेले तर मात्र वाटतो. म्हणून हे सगळे तिकीट काढण्यापूर्वी, आप्पा आपल्या घरात आपल्या खुर्चीवर बसलेले असताना सांगावे, असे मी तिला सुचवले.

पण यादी संपल्यावरही तिचा स्वर सैल होईना. पुढच्या दोन बैठकांत हळूहळू उलगडले की पतीचा सराव ही आयत्या वेळची अडचण नव्हतीच. सरावाच्या तारखा पाहूनच तिने आप्पांना बोलावले होते. घरात मोठे माणूस हवे होते आणि ते मागण्याचा तिला संकोच होता. त्याहून खोल एक गोष्ट होती. तिच्या लहानपणी आप्पा बहुतेक वर्षे फील्ड पोस्टिंगवर, आणि आईने गावात शेत, म्हातारे सासू-सासरे आणि दोन मुली एकटीने सांभाळलेल्या. आज तेच आपल्या वाट्याला आल्यावर, "तेव्हा तुम्ही नव्हता" हे वाक्य तिच्या ओठांवर येऊन अडकत होते. पाहुणचाराच्या धास्तीखाली हा राग दबलेला होता, आणि त्याला वाट न देता आप्पांना तीन महिने एका घरात ठेवणे मला धोक्याचे वाटले.

तिच्या संमतीने आप्पांना माझ्या बेळगावच्या खोलीत बोलावले आणि तिला पडद्यावर घेतले. तिने नियम सांगितले, ते त्यांनी मान हलवत ऐकले. मग तिने सांगितले, "आप्पा, तुम्ही पाहुणे म्हणून येऊ नका. हे नसतील तेव्हा मला घरात कुणीतरी हवे आहे." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "तुझ्या आईने हे कधी मागितले नाही. मागितले असते तरी मला सुट्टी मिळाली नसती." तिने तेव्हा अडकलेले वाक्य उच्चारले, आणि त्यांनी ते खोडून काढले नाही. समुपदेशकाने अशा वेळी मध्ये पडू नये, असे मी मानते.

मुक्काम 90 दिवसांऐवजी सराव धरून सात आठवड्यांचा ठरला. नातीला बालवाडीत सोडणे-आणणे आप्पांकडे आले. जावयाची तुकडी कुठे आहे, कधी परतणार, हे गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी विचारले तर काही लिहायचे नाही, हा नियम त्यांनी स्वतःच घालून घेतला. कठीण गेले ते रविवार. जर्मनीत त्या दिवशी दुकाने बंद असतात आणि शांतता पाळावी लागते. पहाटे उठून घर हलवणाऱ्या या माणसाला काय करावे ते सुचेना. दोघांत एकदा जोरात वादही झाला, आणि तो तिने मला न विचारता मिटवला.

आता ती पुढच्या भेटीची आखणी करत आहे. कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस असा हिशेब असल्याने उरलेले दिवस लगेच वापरण्याचा तिचा विचार होता. या वेळी मी तिला आधी आप्पांना विचारायला सांगितले. भातकापणी उरकेपर्यंत येणार नाही, असे त्यांनी कळवले आहे.