पाळी थांबली म्हणून गोळ्या बंद करू नका, आधी प्रोलॅक्टिन तपासा

ताई, तुम्ही लिहिलंय की लेकीचं रिस्पेरिडोन (भास-संशयावरचं मानसिक आजाराचं औषध) २ वरून ४ मिलिग्रॅम केलं आणि तेव्हापासून चार महिने पाळी नाही, घरातल्या बायका म्हणतायत गोळ्यांनी अंडाशय खराब झालं, बंद करून टाका. हे वाचून राहवलं नाही. माझी धाकटी बहीण नऊ वर्षं स्किझोफ्रेनियाच्या औषधांवर आहे आणि आमच्याकडे अगदी हेच झालं होतं.

अंडाशय खराब वगैरे काही होत नाही हो. इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसॉल ही सगळी स्टेरॉइड हार्मोन्स शरीर कोलेस्टेरॉलपासून बनवतं, पेशीतल्या मायटोकाँड्रियात त्याचं आधी प्रेग्नेनोलोन होतं आणि मग पुढे एकेक फाटा फुटत जातो. पण अंडाशय हे आपल्या मनाने करत नाही, त्याला वरून, मेंदूखालच्या पिच्युटरी ग्रंथीकडून एलएच-एफएसएच या हार्मोन्सचा सांगावा यावा लागतो, आणि तोच येईनासा होतो. एरवी डोपामिन हे मेंदूतलं रसायन पिच्युटरीला जास्त प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं हार्मोन, सोडू देत नाही. रिस्पेरिडोन डोपामिनचे डी२ रिसेप्टर (डोपामिन जिथे जाऊन बसतं त्या पेशीवरच्या जागा) अडवतं, भास आणि संशय कमी होतात ते मुख्यतः त्यामुळेच, पण त्याच अडवण्याने प्रोलॅक्टिनही वाढतं, त्याने पिच्युटरीला एलएच सोडायला लावणारं मेंदूतलं जीएनआरएच हार्मोन दबतं, मग एलएच कमी, इस्ट्रोजेन कमी आणि पाळी गायब. बाळ अंगावर पीत असताना पाळी लांबते ना, साधारण तसंच. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन उतरतं, इच्छा जाते, आणि ते तर लाजेने कुणाला बोलतच नाहीत.

आम्हाला कळलं ते धुण्यावरून. बहीण भर उन्हाळ्यात ओढणी पुढे ओढून बसायची, कारण विचारलं तर चिडायची. एक दिवस कपडे भिजवताना आईला कुर्त्यावर छातीशी दोन पांढुरके, कडक झालेले डाग दिसले. त्याआधी एका गायनॅकने तीनदा पाळी आणायच्या गोळ्या दिल्या होत्या, चालू औषधं कुठली हे न विचारताच, आणि आम्हीही पाळी आली की खूश! मग प्रोलॅक्टिनची रक्ततपासणी केली तर ११८ नॅनोग्रॅम प्रति मिली. बायकांसाठी वरची मर्यादा साधारण २५ असते.

म्हणून आता सायकियाट्रिस्टना फोन करून प्रोलॅक्टिन आणि थायरॉइड करून घ्या, सॅम्पल उठल्या उठल्या नको, तास-दोन तास जाऊ दे. प्रेग्नन्सी टेस्टही करा, राग मानू नका, ती नियमाने करतातच. आणि घरात ॲसिडिटीची कॅप्सूल चालू असेल तर पाकिटावर लेवोसल्पिराइड किंवा डॉम्पेरिडोन लिहिलंय का ते बघा, ही दोन्हीसुद्धा प्रोलॅक्टिन वाढवतात आणि आपल्याकडे पोटासाठी सर्रास दिली जातात. डोकं सतत दुखत असेल किंवा बाजूचं नीट दिसत नसेल तर ते लगेच सांगा, मग एमआरआय करायला सांगतील.

पुढचा निर्णय डॉक्टरांचा. डोस कमी करतात, औषध बदलतात (क्वेटियापिन, क्लोझापिनने प्रोलॅक्टिन फारसं वाढत नाही, पण वजन आणि साखर सांभाळावी लागते), नाहीतर ॲरिपिप्राझोल जोडतात, ते त्याच रिसेप्टरवर डोपामिनचं थोडं काम स्वतःच करतं. बहिणीला ५ मिलिग्रॅम जोडलं आणि तिसऱ्या महिन्यात पाळी आली. कॅबरगोलिन (प्रोलॅक्टिन उतरवायची गोळी) मात्र कुणाच्या सांगण्यावरून परस्पर सुरू करू नका, ते डोपामिनसारखंच वागतं, आजार उसळू शकतो. प्रोलॅक्टिन उतरलं की दिवस राहू शकतात, लग्न झालेल्या मुलींना हे आधीच सांगायला हवं. आणि पाळीचा त्रास नाही म्हणून तसंच वर्षानुवर्षं सोडलं तर इस्ट्रोजेनअभावी हाडं ठिसूळ होतात, ते आत्ता दिसत नाही.

गोळ्या एकदम तोडू नका, खरंच विनवणी करते. आम्ही एकदा तोडल्या होत्या आणि सहाव्या आठवड्यात तिला ॲडमिट करावं लागलं.

आज संध्याकाळी लेकीला एकटीला जवळ घेऊन छातीतून काही येतं का विचारा, सगळ्यांसमोर नको, ती आपणहून सांगणार नाही.