दात हिरडीबाहेर यायच्या आधी

या वेळी आलेल्या पत्रांमधले बरेच प्रश्न वरवर वेगळे दिसतात, पण त्यांचं मूळ एकच आहे. दात उगवतो तेव्हा आपल्याला दिसतो, घडतो मात्र त्याच्या कितीतरी आधी. कुठला थर कोणत्या महिन्यात घातला जातो हे कळलं की निम्म्या शंका मिटतात. म्हणून सुरुवात एका विद्यार्थिनीच्या प्रश्नापासून.

मी बीडीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. बेल स्टेजची आकृती येते, पण एनॅमल आधी की डेंटिन आधी, आणि कोण कोणाला कामाला लावतं, हे दर वेळी उलटं लिहिलं जातं. – विद्यार्थिनी, शाहूपुरी

आधी डेंटिन, म्हणजे एनॅमल या वरच्या कठीण कवचाच्या आतला थर. हे एकदा पक्कं करा, बाकीचा क्रम त्यामागून आपोआप येतो.

सहाव्या आठवड्यात गर्भाच्या तोंडातलं अस्तर वरच्या आणि खालच्या जबड्यावर घोड्याच्या नालासारखं जाड होतं. त्यातून दंतपट्टी म्हणजे डेंटल लॅमिना आत उतरते आणि तिच्यावर वर 10, खाली 10 अशा गाठी येतात. याच 20 दुधाच्या दातांच्या कळ्या. आठव्या आठवड्याच्या सुमाराला ही बड स्टेज असते. खालच्या मऊ ऊतीतल्या पेशी मूळच्या तिथल्या नाहीत. त्या न्यूरल क्रेस्टमधून, म्हणजे पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनणाऱ्या नळीच्या काठावरून, जबड्यापर्यंत चालत आलेल्या असतात. कळीखाली त्यांची दाटी झाली की कळी खालून खोलगट होऊन त्यांच्यावर बाळाच्या टोपड्यासारखी बसते. ही कॅप स्टेज, नवव्या-दहाव्या आठवड्यातली. टोपडं म्हणजे एनॅमल ऑर्गन, टोपड्यातलं डोकं म्हणजे डेंटल पॅपिला आणि दोघांना बाहेरून गुंडाळणारं वेष्टन म्हणजे डेंटल फॉलिकल. टोपड्यातून फक्त एनॅमल होतं. डेंटिन आणि पल्प (दाताच्या आतला नसा-रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा) दोन्ही पॅपिलातून येतात. सिमेंटम (मुळावरचा पातळ थर), दाताला हाडाशी बांधणारे तंतू आणि खोबणीचं हाड फॉलिकलमधून.

अकराव्या-बाराव्या आठवड्यापासून बेल स्टेज. इथे दोनच ओळी डोळ्यासमोर आणा. टोपड्याच्या आतल्या कडेची ओळ (इनर एनॅमल एपिथेलियम) आणि तिच्यासमोर पॅपिलाच्या कडेची ओळ, मध्ये एक अगदी पातळ पटल. आतली ओळ पॅपिलाच्या पेशींना खूण करते, त्या उंच होऊन ओडोंटोब्लास्ट बनतात आणि प्रीडेंटिन (खनिज न बसलेला कोवळा डेंटिन) घालतात. त्यावर खनिज बसू लागलं की तो पहिला डेंटिनच उलट खूण करतो आणि समोरची ओळ अमेलोब्लास्ट होऊन एनॅमल घालायला लागते. दोघांची पाठ एकमेकांकडे फिरते. ओडोंटोब्लास्ट आत पल्पकडे सरकत जातो, अमेलोब्लास्ट बाहेर. परीक्षेत उलटं लिहिलं जातं ते बहुतेक इथेच, कारण पहिली खूण एपिथेलियमची (टोपड्याकडच्या अस्तराची) असली तरी पहिला माल समोरच्याचा असतो.

दात कुठला होणार हे कोण ठरवतं, असं तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. उत्तर वेळेवर अवलंबून आहे. सुरुवातीची सूचना एपिथेलियमकडून जाते, पुढे सूत्रं पॅपिलाकडे येतात. कोलर आणि बेअर्ड या संशोधकांनी 1970 मध्ये उंदराच्या दाढेचं एनॅमल ऑर्गन आणि पटाशीच्या दाताचा पॅपिला एकत्र वाढवला, तेव्हा पटाशीचा दात तयार झाला.

स्लाइड पाहताना एक फसगत टाळा. हेमॅटॉक्सिलिन-इओसिन या रंगांनी रंगवलेल्या कापात डेंटिन गुलाबी दिसतो, प्रीडेंटिन त्याहून फिका आणि कोवळं एनॅमल जांभळट. पूर्ण घडलेल्या दाताचा डिकॅल्सिफाइड (आम्लाने खनिज काढून टाकलेला) काप असेल तर एनॅमलच्या जागी मोकळी फट दिसते. ती काप करणाऱ्याची चूक नाही. तयार एनॅमलमध्ये वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असतं, ते आम्लात विरघळून गेलं की धरून ठेवायला काही उरतच नाही. डेंटिनमध्ये खनिज 70 टक्क्यांच्या आसपास, बाकी कोलॅजन आणि पाणी, म्हणून त्याचा आकार शाबूत राहतो.

आणि हे 96 टक्के एका दमात होत नाहीत. अमेलोब्लास्ट आधी दिवसाला सुमारे 4 मायक्रॉन या गतीने प्रथिनांनी भरलेला मऊ थर घालतात, त्यातलं मुख्य प्रथिन अमेलोजेनिन. पूर्ण जाडी झाली की त्याच पेशी काम बदलतात. एन्झाइमनी प्रथिन तोडून बाहेर काढायचं, पाणी काढायचं, कॅल्शियम आणि फॉस्फेट आत सोडायचं. गुऱ्हाळात काहिलीतला रस आटून गूळ घट्ट होतो, तेवढ्यापुरती उपमा चालेल. फरक इतकाच की इथे पाण्याची जागा वाढत जाणारे स्फटिक घेतात. पिकण्याची ही पायरी अर्धवट राहिली तर काय होतं, ते इचलकरंजीच्या प्रश्नात पाहू. दात बाहेर येताना अमेलोब्लास्ट संपून जातात, त्यामुळे एनॅमल पुन्हा बनत नाही. ओडोंटोब्लास्ट मात्र पल्पच्या कडेला जन्मभर जिवंत राहतात.

पाचवा महिना चालू आहे. बाळाचे दात कधी तयार होतात? सासूबाई म्हणतात, एकेका बाळंतपणात आईचा एकेक दात जातो, बाळ कॅल्शियम ओढून घेतं. खरं का? – कागल

तुमच्या पोटात आत्ता तेच काम चालू आहे. एक हिशेब आधी सांगते: वरचे आठवडे गर्भधारणेपासूनचे आहेत, डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणून तुमच्या फाइलवर त्यात 2 आठवडे वाढवा. मधल्या पटाशीच्या दुधाच्या दातांवर खनिज बसायला साधारण 14 व्या आठवड्यात सुरुवात होते, मागच्या दाढांवर 18-19 व्या. म्हणजे पाचव्या महिन्याअखेर दुधाचे सगळे दात कमी-जास्त प्रमाणात घडायला लागलेले असतात. कायमच्या पहिल्या दाढेवर खनिज बसतं ते जन्माच्या आगेमागे.

आता सासूबाईंचं म्हणणं. बाळाला कॅल्शियम कमी पडलं तर ते आईच्या हाडांतून घेतलं जातं, दातांतून नाही. घडून पूर्ण झालेल्या दातातून कॅल्शियम काढून रक्तात सोडायची सोय शरीरात नाहीच. पण त्यांनी दात पडताना पाहिले असतील हेही खरं, फक्त कारण वेगळं आहे. गरोदरपणात हिरड्या सुजतात, रक्त येतं म्हणून बायका दात घासायचं सोडतात. उलट्यांचं आम्ल दातांवर राहतं, सारखं थोडं थोडं खाणं होतं, आणि दुखलं तरी "बाळंतपण होऊ दे, मग बघू" म्हणून दवाखाना टळतो. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा टाकून चूळ भरा, ब्रश अर्ध्या-पाऊण तासाने. दाताचं काम करायचं असेल तर चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा.

सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या 500 मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोन, जेवणाबरोबर. लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, किमान दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही. नाचणीची भाकरी किंवा आंबील रोजच्या जेवणात असू द्या, 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. मनाने औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक आणू नका. टेट्रासायक्लिन घडत्या दाताच्या खनिजात अडकून बसतं, आणि तो पिवळा-तपकिरी रंग घासून जात नाही. मशेरीची सवय असेल तर ती आजच सोडा. तंबाखूने बाळाचं वजन कमी भरतं, आणि कमी वजनाच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये दुधाच्या दातांवर एनॅमल कमी पडलेलं जास्त दिसतं.

जन्माची वेळसुद्धा दातावर उमटते. पडलेल्या दुधाच्या दाताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर एनॅमलमध्ये एक ठळक रेघ दिसते, निओनेटल लाइन. तिच्या आतलं एनॅमल पोटात असतानाचं, बाहेरचं जन्मानंतरचं. जन्माच्या त्या दिवसांत अमेलोब्लास्टचं काम अडखळतं, त्याची ती खूण.

नातीला जन्मतःच खाली एक दात आहे. काहीजण म्हणतात अशुभ आहे, काढून टाका. आणि वरचे दात आधी आले तर मामाला जड असतं म्हणतात, ते? – एक आजी, गडहिंग्लज

आजी, शुभ-अशुभाचा यात काही संबंध नाही. दाताची कळी हिरडीत नेहमीपेक्षा जरा वर राहिली की असा दात लवकर बाहेर येतो. दर दोन-तीन हजार बाळांत एखाद्याला असतो, बहुतेक वेळा खालचा मधला. आणि तो सहसा जादा दात नसतो, दुधाचा नेहमीचाच असतो. तसा असेल तर काढल्यावर त्या जागी पुन्हा दुधाचा दात येणार नाही.

दोऱ्याने किंवा बोटाने काढू नका. दात फार हलत असेल आणि श्वासनळीत जायची भीती असेल, बाळाच्या जिभेखाली जखम झाली असेल, किंवा दूध पिताना आईला जखमा होत असतील, तरच दंतवैद्याने काढायचा. त्याआधी बाळाला जन्मानंतर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलंय का, हे विचारलंच पाहिजे, नाहीतर रक्त थांबत नाही. वरचे दात आधी येणं हा फक्त क्रमातला फरक. मामाला निरोप द्या, काही होत नाही.

मुलगा 7 वर्षांचा. दुधाचे दात स्वच्छ होते, पण नवीन आलेल्या दाढा पिवळ्या-तपकिरी आहेत, कडा तुटतात, गार पाण्याने कळवळतो. पुढच्या एका दातावरही डाग आहे. आम्ही घासण्यात कमी पडलो का? – इचलकरंजी

तुम्ही कमी पडला नाहीत. पहिल्या कायमच्या दाढा आणि पुढचे दात असे दोन्हीकडे डाग म्हणजे बहुधा मोलर-इन्सायझर हायपोमिनरलायझेशन. हे दोन्ही दात जन्मापासून साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत घडतात. त्या काळात एनॅमल पूर्ण जाडीचं घातलं जातं, पण पिकण्याची पायरी बिघडते. प्रथिन आत राहून जातं, स्फटिक दाट बसत नाहीत. म्हणजे माल कमी नाही, कच्चा आहे. त्यामुळे दाढ आकाराने पूर्ण येते आणि चावायला लागल्यावर ढासळते. लहानपणीचे वारंवार ताप, आजारपण यांच्याशी संबंध दिसतो, एकच असं कारण सांगता येत नाही.

वाट पाहू नका, कारण कच्च्या एनॅमलखालून पल्पला सतत त्रास होत राहतो आणि मग भुलीचं इंजेक्शनही नीट लागत नाही. सुरुवातीला फ्लोराइड वार्निश आणि ग्लास आयोनोमर (एक प्रकारचं फिलिंग). कडा तुटत असतील तर स्टीलची टोपी, जी मुलांमध्ये वर्षानुवर्षं टिकते. दाढ फारच गेलेली असेल तर आठ ते दहा वर्षांच्या दरम्यान ती काढून मागच्या दाढेला पुढे येऊ देता येतं. तो निर्णय एक्स-रे पाहूनच.

बोअरचं पाणी पितो. मुलांच्या दातांवर पांढरे पट्टे येतील का? उकळून चालेल? – शिरोळ तालुका

असे पट्टे पाण्यातल्या जास्त फ्लोराइडने येतात. उकळल्याने ते जात नाही, पाणी आटून उलट वाढतं. आधी पाणी तपासा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ते होतं. लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर 1.5 ही कमाल मर्यादा. त्याहून जास्त असेल तर चार वर्षांखालच्या मुलांना आधी दुसरं पाणी द्या, कारण पुढच्या दातांचं एनॅमल तेव्हाच घडतं. तीन वर्षांखाली पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी.

मुलगा 9 वर्षांचा, पेठेतल्या मैदानावर फुटबॉल खेळताना वरचा पुढचा दात अर्धा तुटला. मध्ये लाल ठिपका दिसतोय. रूट कॅनल करून टाका असं सुचवलंय. – शिवाजी पेठ

घाई करू नका, पण उशीरही नको. तो लाल ठिपका म्हणजे उघडा पडलेला पल्प, आणि या वयात त्याला जिवंत ठेवणं हेच खरं काम आहे. वरचा पुढचा दात सात-आठ वर्षांचं असताना उगवतो, त्याचं मूळ दहाच्या सुमाराला पूर्ण होतं. तुमच्या मुलाच्या मुळाचं टोक बहुधा अजून उघडं असेल, भिंती पातळ असतील. मूळ लांब होतं ते एनॅमल ऑर्गनच्या कडेपासून खाली वाढणाऱ्या पेशींच्या पदरामुळे (हर्टविगची रूट शीथ), आणि भिंती जाड होतात त्या ओडोंटोब्लास्टमुळे. पल्प काढला की हे काम थांबतं, आणि पातळ भिंतींचा दात पुढे मानेपाशी मोडतो.

म्हणून दंतवैद्याला आंशिक पल्पोटॉमीबद्दल विचारा. उघड्या जागेखालचा फक्त 2 मिलिमीटर पल्प पाण्याच्या फवाऱ्याखाली बारीक डायमंड बरने काढायचा, सलाइनच्या बोळ्याने रक्त थांबवायचं. पाचेक मिनिटांत थांबलं तर खालचा पल्प निरोगी समजायचा. त्यावर दात काळा न करणारं बायोसिरॅमिक सिमेंट, मग घट्ट फिलिंग. रक्त थांबलंच नाही तर आणखी थोडं खाली जायचं. एक-दोन दिवस उलटले म्हणून हा मार्ग बंद होत नाही. तुटलेला तुकडा सापडला असेल तर पाण्यात ठेवून घेऊन जा, तोच पुन्हा चिकटवता येतो.

नंतर 6 ते 8 आठवड्यांनी, 3 महिन्यांनी, 6 महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रे. मूळ लांबतंय आणि पल्पची पोकळी अरुंद होतेय असं दिसलं तर दात जिवंत आहे. दात राखाडी झाला, हिरडीवर पुळी आली किंवा मूळ आधीच्या एक्स-रेइतकंच राहिलं तर लगेच दाखवा. मैदानावर परत जाताना त्याच्या मापाचा माउथगार्ड करून घ्या. दात अजून येताहेत, त्यामुळे तो मधूनमधून बदलावा लागेल.